मिकीचा सातबारा: शांघाय ते बीजिंग

गुरुवार, शांघाय

"चीनला जाऊन डिस्नेलँड बघणार? आणि ग्रेट वॉल?" निघण्याआधी हा प्रश्न सासरी, माहेरी आणि सोसायटीच्या लिफ्टमध्येही विचारून झाला होता. ग्रेट वॉल या खेपेला नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. मला बघायचं होतं ते वेगळंच. मिकी, हॅरी पॉटर आणि लेगो या पाश्चात्त्य मंडळींनी चीनमध्ये जाऊन काय थाटलंय आणि चिनी लोकांनी त्यांचं काय करून ठेवलंय, ते. माझ्यासोबत पाचवीतली माझी लेक ईरा, जिची या विषयातली तयारी खोपोलीच्या इमॅजिकावर झालेली, आणि बहात्तर वर्षांची आई. आई भूमी अभिलेख कार्यालयातून निवृत्त झाली. राइडमध्ये बसायचं नाही ही तिची अट होती आणि बाकी सगळं चालेल अशी सवलत.

दिल्ली-शांघाय थेट विमान पाच वर्षांहून जास्त काळ बंद होतं. ते 9 नोव्हेंबर 2025 ला पुन्हा सुरू झालं आणि आम्ही लगेच तिकिटं काढली. पहाटे पुडोंगला उतरलो. माझी मावसबहीण तिथेच राहते. दिवस झोपेत गेला. संध्याकाळी तिने बंड नावाच्या नदीकाठच्या रस्त्यावर फिरवून आणलं. दिवे सुंदर, गर्दी दादरसारखी.

शुक्रवार, डिस्ने

मेट्रोच्या 11 नंबरच्या लाइनचं शेवटचं स्थानक म्हणजे डिस्ने. तिकीट आधीच पासपोर्टच्या नंबरावर काढायचं आणि दारात पासपोर्ट दाखवायचा. दर तारखेप्रमाणे बदलतो, 475 युआनपासून 799 पर्यंत. एका युआनचे बारा-साडेबारा रुपये धरा आणि मग हिशोब करणं सोडून द्या.

खरं नाट्य बॅग तपासणीला झालं. आईच्या पिशवीत दशम्या, तिळाची चटणी आणि लसणीची चटणी, फॉइलमध्ये घट्ट गुंडाळलेली. तपासणीवरच्या मुलीने खूण केली, पिशवी तुम्हीच उघडा. आईने एकेक पुडी काढून टेबलावर मांडली. मुलीने लसणीच्या पुडीकडे जरा थबकून पाहिलं. उग्र वासाचं आणि गरम करावं लागणारं काही आत चालत नाही. मावसबहिणीने चिनीत काहीतरी सांगितलं, मुलगी हसली आणि पुड्या परत पिशवीत गेल्या. हे सगळं 2019 पर्यंत शक्य नव्हतं. बाहेरचं खाणं आणायला बंदी होती आणि कर्मचारी स्वतः बॅगा उघडून बघत. शांघायच्या एका कायद्याच्या विद्यार्थिनीने खाऊ काढून घेतला म्हणून पार्कवर दावा लावला. तडजोडीत तिला मिळाले 50 युआन, पण तेवढ्यात देशभर चर्चा पेटली होती आणि पार्कने नियम बदलला. अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या डिस्ने पार्कांत खाणं नेता येतं, मग आम्हालाच का नाही, असा लोकांचा साधा सवाल होता.

आत गेल्यावर पहिली गोष्ट लक्षात येते ती जी नाही ती. कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये शिरताच मेन स्ट्रीट लागतो, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं अमेरिकन गाव. इथे तो मुळातच बांधला नाही. चिनी आजोबांना त्या गावाची आठवण कुठून येणार? त्याऐवजी एक छोटी मिकी अ‍ॅव्हेन्यू आणि तिच्यापुढे, किल्ल्याच्या पायथ्याशी, मोठी बाग. कारण या देशात पार्कला पोर एकटं येत नाही. दोन आई-बाप आणि वेळ पडली तर चारही आजी-आजोबा बरोबर येतात. राइडला न जाणाऱ्यांना बसायला, चहा प्यायला जागा हवी. तेव्हाचे डिस्नेचे प्रमुख बॉब आयगर या पार्कबद्दल सांगताना म्हणायचे की ते अस्सल डिस्ने असेल आणि ठळकपणे चिनी असेल. जाहिरातीचं वाक्य म्हणून मी ते सोडून दिलं होतं, पण आईला बाकावर निवांत बसलेलं बघितल्यावर थोडं पटलं.

बागेत एक भिंत आहे. चिनी राशिचक्रातले बारा प्राणी मोझेकमध्ये काढलेत, पण प्रत्येक जागी डिस्ने नाहीतर पिक्सारचं पात्र. उंदराच्या जागी खाणं बनवणारा रेमी, वाघाच्या जागी टिगर, ड्रॅगनच्या जागी मुशू. लोक आपापल्या जन्मसालाचा प्राणी शोधून फोटो काढतात. मावसबहिणीने आईचं साल काढलं, 1953, म्हणजे साप. सापाच्या जागी जंगल बुकातला 'का' नावाचा अजगर. आई त्या अजगराच्या छोट्या छोट्या फरश्या बोटाने चाचपत होती, तेवढ्यात शेजारच्या एका आजींनी तिच्या बाहीला हात लावला आणि भराभर बोलायला लागल्या. 2025 हे सापाचंच साल, आणि चिनी समजुतीप्रमाणे स्वतःचं साल परत आलं की ते वर्ष जपून काढायचं असतं, लाल काहीतरी अंगावर ठेवायचं असतं. आईच्या अंगावर लाल काहीच नव्हतं. मग कपाळावरच्या कुंकवाकडे बोट करून आजींनी आनंदाने मान डोलावली. प्रश्न मिटला.

ट्रॉनच्या बाइकवर पोटावर वाकून बसावं लागतं. आम्ही दोघी किंचाळत बाहेर आलो. ही राइड 2016 ला पार्कबरोबर आधी इथे सुरू झाली, फ्लोरिडाच्या डिस्नेला ती 2023 मध्ये मिळाली. आता उलटा प्रवाहही आहे तर. पायरेट्सची राइड मात्र मी बघितलेल्यांतली सर्वांत भारी. बोट मागे सरकते, आडवी जाते, समोर समुद्राचा तळ उघडतो. अहाहा! एवढं एकच जरी असतं तरी तिकीट वसूल होतं.

झूटोपिया या सिनेमाच्या गल्ल्या डिसेंबर 2023 मध्ये उघडल्या. अशी संपूर्ण वसाहत जगात फक्त इथेच. पहिला सिनेमा चीनमध्ये तुफान चालला होता, म्हणून. दुसरा नोव्हेंबर 2025 च्या अखेरीस येणार होता, म्हणून जिकडेतिकडे ससुली आणि कोल्हा. ईराने पंजाच्या आकाराचं लाल बर्फाचं आइसफ्रूट घेतलं आणि थंडीत कुडकुडत संपवलं.

पण या पार्कची खरी महाराणी मिकी नाही, मिनीही नाही. ती आहे लिनाबेल नावाची गुलाबी कोल्ही. सप्टेंबर 2021 मध्ये इथेच जन्मली. हातात भिंग, कानाशी फूल. तिचा सिनेमा नाही, मालिका नाही, गोष्टही जवळपास नाही. नुसती बाहुली आणि तिच्या पोशाखात वावरणारी कलाकार, जी बोलत नाही, फक्त हातवारे करते, लाजते, रुसते. तरी तिला भेटायची रांग सगळ्यात लांब. रांगेत घडीची छोटी स्टुलं उघडून बसलेल्या विशी-पंचविशीच्या मुली, आणि त्यांच्या कडेवर लिनाबेलच्या बाहुल्या, त्यांना हाताने शिवलेले कपडे. एकीने बाहुलीला विणलेला स्वेटर घातला होता, काजं-बटणांसकट. माझ्या लेकीला मी असा स्वेटर कधी विणला नाही. सुरुवातीच्या काळात या बाहुल्या काळ्या बाजारात काही पटींनी विकल्या जात. शंभर वर्षं गोष्टी सांगून पात्रं विकणाऱ्या कंपनीला इथल्या तरुण मुलींनी गोष्टीशिवाय पात्र चालवून दाखवलं, असं मला तिथे उभं राहून वाटलं. आम्ही रांग सोडली. ईराने घोषित केलं की मी क्रूर आहे.

दुपारी बाकावर दशम्या काढल्या तेव्हा आईने तिचा प्रश्न विचारला. "ही जमीन कोणाच्या नावावर आहे गं?"

मी वाचून गेले होते. पार्क ज्या कंपनीच्या मालकीचं आहे तिच्यात 57 टक्के शेन्दी या शांघाय सरकारच्या समूहाचे आणि 43 टक्के डिस्नेचे. पार्क चालवणारी कंपनी वेगळी, तिच्यात 70 टक्के डिस्ने आणि 30 शेन्दी. शिवाय डिस्नेला चालवण्याची फी आणि नावाची रॉयल्टी मिळते. एकूण खर्च साडेपाच अब्ज डॉलरच्या घरात. हाँगकाँगचं डिस्नेलँड 2005 मध्ये उघडलं, तिथेही सुरुवातीला आकडे हेच होते, सरकार 57, डिस्ने 43.

आई चटणी लावत म्हणाली, "म्हणजे सातबारा सरकारच्या नावावर आणि हा मिकी कसायला आलाय. कूळ."

"पण चांगलं कूळ आहे मावशी, पीक भरपूर काढतंय," मावसबहीण म्हणाली. पहिल्या वर्षात 1 कोटी 10 लाखांवर लोक येऊन गेले होते. त्यामागे हाँगकाँगचा धडाही होता. तिथलं पार्क लहान पडलं आणि 2006 च्या चिनी नववर्षात तिकिटं हातात असलेल्या कुटुंबांना दारातूनच परत पाठवायची वेळ आली. लोक कुंपणावरून पोरं आत देत होते, ती दृश्यं तेव्हा जगभर दाखवली गेली. शांघायला किल्लाच डिस्नेच्या सगळ्या किल्ल्यांत मोठा बांधला आणि एका कळसावर सोन्याचं पिओनीचं फूल बसवलं, जे चिनी माणसाला आपलं वाटतं.

रात्रीची आतषबाजी बघून परतलो. पायांचं काही विचारू नका.

शनिवार, लेगोलँड

हे अगदी ताजं, 5 जुलै 2025 ला उघडलेलं. शांघायच्या नैर्ऋत्येला जिनशान जिल्ह्यात, फंगजिंग गावाजवळ. शांघायच्या होंगच्याओ स्टेशनहून फास्ट ट्रेनने जिनशान नॉर्थला उतरायचं. दारातच दादा नावाचा 26 मीटर उंच लेगो-माणूस स्वागताला उभा. हे "दादा" ऐकून आईला फार बरं वाटलं.

मिनीलँड म्हणजे विटांची शहरं. दोन कोटी विटा लागल्यात म्हणे. गुरुवारी पाहिलेला बंड इथे गुडघ्याएवढा. ईरा एका नावेच्या कप्तानाची टोपी न्याहाळत किती वेळ उभी होती. लेगोचा कारखाना शेजारच्या जियाशिंगमध्येच आहे, 2016 पासून. डेन्मार्कचं खेळणं, पण आशियातल्या पोरांसाठीच्या बऱ्याच विटा इथल्याच मातीत, म्हणजे प्लास्टिकमध्ये, पाडतात. मंकी किड नावाचा एक भाग जगातल्या दुसऱ्या लेगोलँडमध्ये नाही. सुन वुकोंग, म्हणजे चिनी पुराणकथेतला वानर, याच्यावर लेगोने 2020 मध्ये खेळणी काढली आणि आता त्याची वसाहत केली. आईने त्याची गदेसारखी काठी बघून "हा आपला मारुतीच" असा निकाल दिला. विद्वानांमध्ये यावर वाद आहे, आईमध्ये नाही.

मालकी इथेही वाटलेली. लेगोलँड चालवणारी ब्रिटिश कंपनी मर्लिन, लेगोच्या घराण्याची गुंतवणूक कंपनी, एक चिनी भांडवल कंपनी आणि जिनशानचं स्थानिक सरकार.

माझं मत विचाराल तर पोर बारा वर्षांपुढचं असेल तर इकडे येऊ नका. राइड सौम्य आहेत. ईराला आवडलं, मला तीननंतर जांभया यायला लागल्या. मग आम्ही फंगजिंगला गेलो. कालवे, दगडी पूल, आणि जिनशानच्या शेतकऱ्यांनी काढलेली भडक रंगांची चित्रं: बदकं, भाताची शेतं, लग्नाची वरात. एक छोटं चित्र घेतलं. दिवसातला सर्वांत स्वस्त आणि चांगला खर्च.

रविवार, आगगाडी

शांघाय ते बीजिंग 1318 किलोमीटर, साडेचार तासांच्या आसपास. डब्यातल्या पाटीवर वेग ताशी 350 दिसला की ईरा फोटो काढायची.

गाडीत आईला मी पडलेल्यांच्या गोष्टी सांगितल्या. कारण आले ते सगळे टिकले असं नाही. अमेरिकेची सिक्स फ्लॅग्ज ही रोलर कोस्टरसाठी नावाजलेली कंपनी. तिने 2014 मध्ये एका चिनी बांधकाम कंपनीशी करार केला. हायेन, चोंगचिंग, नानजिंग अशी पार्कं जाहीर झाली. हायेन तर काल आम्ही होतो त्या जिनशानपासून समुद्रकाठाने जवळच. यात सिक्स फ्लॅग्जने नाव द्यायचं आणि फी घ्यायची, पैसा भागीदाराचा. भागीदाराचे हप्ते थकले, बांधकामं अडली आणि 2020 च्या सुरुवातीला कंपनीने हात झटकले. एकही पार्क उघडलं नाही.

उलट बाजूची गोष्ट त्याहून चविष्ट. मे 2016, शांघाय डिस्ने उघडायला महिना बाकी. वांडा समूहाचे वांग जिआनलिन, तेव्हा चीनमधल्या सर्वांत श्रीमंत माणसांपैकी एक, टीव्हीवर म्हणाले की डिस्नेने चीनला यायलाच नको होतं, एक वाघ लांडग्यांच्या कळपापुढे टिकत नाही. लांडगे म्हणजे वांडाची ठिकठिकाणची पार्कं. त्याच महिन्यात नानचांगला त्यांचं पार्क उघडलं, तर तिथे स्नो व्हाइट आणि कॅप्टन अमेरिकाच्या वेशातली मंडळी फिरताना दिसली आणि डिस्नेने कारवाईची भाषा केली. सव्वा वर्षातच, जुलै 2017 मध्ये, कर्जाच्या दडपणाखाली वांगनी असे 13 प्रकल्प सुनॅक या कंपनीला विकायला काढले. पुढे 2022 मध्ये सुनॅकही कर्ज फेडू शकली नाही.

"घरं बांधणाऱ्यांनी पाळणे लावले की असंच व्हायचं," आई म्हणाली. "जमिनीसाठी पार्क, पार्कसाठी जमीन नाही." चाळीस वर्षं फेरफार नोंदी बघितलेली बाई, तिला कोण काय सांगणार. आणि मुद्दा खरा आहे. चीनमधल्या कित्येक पार्कांच्या मागे फ्लॅटचे टॉवर उभे असतात. पार्कच्या नावाने जमीन स्वस्तात मिळवायची, फ्लॅट विकून पैसा काढायचा. फ्लॅट खपेनासे झाले की पाळणे गंजतात.

सोमवार, युनिव्हर्सल

बीजिंगच्या पूर्वेला टोंगजोमध्ये. हवा कोरडी, गारठा कानाला झोंबणारा. 20 सप्टेंबर 2021 ला, कोविडचे निर्बंध असताना, हे उघडलं. बोलणी मात्र 2001 पासून चाललेली. मालकीत युनिव्हर्सल फक्त 30 टक्के, उरलेले 70 बीजिंगच्या सरकारी कंपन्यांचे. यावेळी आईने विचारलंसुद्धा नाही, मीच सांगितलं.

कुंग फू पांडाचा भाग पूर्ण छताखाली आहे, बीजिंगचा हिवाळा लक्षात घेऊन. आई तिथेच रमली, पांडाच्या बापाच्या नावाच्या नूडल्सच्या दुकानात. शाकाहारी वाडगा मागताना भाषांतराच्या अ‍ॅपला घाम फुटला. चिनी पांडा, चिनी कुंग फू, हॉलिवूडमध्ये शिजलेलं आणि परत चीनला आणून वाढलेलं. आजूबाजूला कोणाला त्यात वावगं वाटत होतं असं दिसलं नाही. पोरं पांडाला मिठ्या मारत होती.

हॉगवर्ट्सचा किल्ला छान, राइडमधले संवाद चिनीत. ईराला गोष्ट पाठ असल्याने अडलं नाही. काळे झगे घातलेल्या तरुणांची गर्दी इतकी की खरंच शाळा सुटल्यासारखं वाटलं. बटरबिअर भयंकर गोड.

पण सर्वांत मजा आली ट्रान्सफॉर्मर्सच्या चौकात. तिथे मेगाट्रॉन उभा असतो, प्रचंड लोखंडी खलनायक, आणि फोटोला आलेल्या माणसांचा चिनीत अपमान करतो. लोक त्यासाठीच रांग लावतात. पार्क उघडलं तेव्हा त्याचे व्हिडिओ चीनभर पसरले आणि "बडबड्या" म्हणून तो प्रसिद्ध झाला. आमच्या पुढच्या गृहस्थाने त्याला काहीतरी कोडं घातलं. मेगाट्रॉनने दोन सेकंद विचार केला आणि असं काही उत्तर दिलं की सगळी रांग हसून लोळली. आम्हाला अ‍ॅपने भाषांतर दिलं, "तुमची मानवजात वेळ वाया घालवते". मूळ नक्कीच जास्त विनोदी असणार. ईराकडे बघून तो काहीतरी गुरगुरला, तिने मराठीत "गप रे" म्हटलं. तोही क्षणभर गप्प झाला.

मंगळवार, लाइन नंबर एक

युनिव्हर्सलचं स्थानक हे मेट्रोच्या लाइन 1 चं पूर्वेचं टोक. त्याच लाइनवर, तिआनआनमेनच्या खालून शहर ओलांडून पश्चिमेला गेलं की बाजियाओ अम्यूझमेंट पार्क नावाचं स्थानक येतं. म्हणजे शिजिंगशानचं पार्क. 1986 चं, जिल्हा सरकारच्या मालकीचं. इथे जायचा हट्ट माझा होता.

2007 मध्ये या पार्कचं नाव जगभर गाजलं. मिकी, स्नो व्हाइट, हॅलो किटी यांच्याशी विलक्षण साम्य असलेली मंडळी इथे फिरत होती, सिंड्रेलाच्या महालासारखा महाल होता, आणि पाटीवर लिहिलं होतं: डिस्नेलँड फार लांब आहे, शिजिंगशानला या. जपानी वाहिन्यांनी चित्रण दाखवल्यावर पार्ककडून खुलासा आला की तो उंदीर नाहीच, मोठ्या कानांची मांजर आहे. नंतर बाहुल्या हटवल्या.

महाल अजून आहे. रंग उडालेला, पण ऐटीत. नोव्हेंबरातल्या मंगळवारी माणसं थोडी. ईरा कपबशीच्या पाळण्यात एकटीच फिरली. पाळणेवाल्या काकांनी रांग नसल्याने तिला आणखी एक फेरी फुकट दिली, जे गेल्या आठवड्यात कुठेही घडलं नव्हतं.

आणि आई राइडमध्ये बसली! मोठ्या जायंट व्हीलमध्ये. अट तिनेच मोडली. वरून पश्चिमेचे डोंगर स्वच्छ दिसत होते.

दुपारी शहराच्या दुसऱ्या टोकाला, चाओयांग पार्कमधल्या पॉप लँडला गेलो. लबुबू नावाच्या दातऱ्या बाहुल्या विकणाऱ्या पॉप मार्टचं हे पार्क, सप्टेंबर 2023 मध्ये उघडलेलं, आकाराने लहान. दोन तासांत संपतं. यात अमेरिकन काही नाही. बीजिंगची कंपनी, आणि लबुबू हाँगकाँगच्या कलाकाराने काढलेला. लिनाबेलसारखंच इथेही गोष्टीवाचून भागतं. खेळणं हवं, त्याचे कपडे हवेत, फोटोला कोपरा हवा. रांगेतल्या मुलीही त्याच वयाच्या, तशाच बाहुल्या बॅगेला लटकवलेल्या. एकीच्या बॅगेवर लबुबू आणि लिनाबेल शेजारी शेजारी होते. डिस्नेला काळजी करायची असेल तर वांडाच्या लांडग्यांपेक्षा या दातऱ्या प्राण्याची करावी, असं माझं मत झालं.

जाणार असाल तर थोडक्यात: एकच दिवस हातात असेल तर शांघाय डिस्ने, तोही कामाच्या वारी. चिनी सुट्ट्यांचा आठवडा, म्हणजे ऑक्टोबरचा पहिला आणि नववर्षाचा, कटाक्षाने टाळा. अलीपे हे पैसे भरायचं चिनी अ‍ॅप मोबाइलवर आधी चालू करून कार्ड जोडून ठेवा. 2027 मध्ये शांघायच्या जुन्या जिनजियांग पार्कच्या जागी हॅरी पॉटरचा स्टुडिओ व्हायचा आहे आणि पेप्पा पिगचं पार्कही त्याच साली ठरलंय. ईराने स्टुडिओसाठी आतापासून पैसे साठवायला घेतलेत. आईने पेप्पा पिगला साफ नकार दिला आहे, पण स्टुडिओची जागा कोणाच्या नावावर आहे ते मला बघून ठेवायला सांगितलंय.